प्रगती मॅडमचा काळा बोया

मी कार्बन आहे. हसू नका. जन्माने मी जाळ्याचा बोया, मुठीत मावेल एवढा प्लॅस्टिकचा गोळा. पण एका बाईंनी मला काळा रंग दिला, अंगाला चार भोकं पाडली आणि भरल्या वर्गात सांगून टाकलं, "हा कार्बन." तेव्हापासून मी स्वतःला कार्बनच समजतो. एवढ्या लोकांसमोर एकदा नाव पडलं की त्या नावाला जागावं लागतं.

सध्या माझा मुक्काम तलासरीच्या बाजूला, एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. कपाटाच्या डोक्यावर एक खोकं आहे, त्यात. खोक्याचं झाकण अर्धवट उघडं राहिलंय, त्यामुळे खालचं थोडंफार दिसतं आणि सगळं ऐकू येतं. नसतं आलं तर बरं झालं असतं, असं हल्ली फार वाटतं.

जन्म वापीकडच्या एका कारखान्यातला. त्यातलं फारसं काही आठवत नाही. साच्यातून निघालो, थंड झालो, पोत्यात पडलो. चिखले गावच्या होडीवाल्या भिकू तांडेलाने आम्हाला पोत्यासकट आणलं आणि जाळ्याच्या वरच्या दोरीत एकेकाला ओवलं. बोयाचं काम तसं सोपं. खालून जाळं ओढत राहतं, आपण बुडायचं नाही. मी कधी बुडलो नाही, एवढं मात्र छाती काढून सांगतो.

समुद्रावर मला माणसांचं बोलणं कळायला लागलं. भिकूची होडी किनाऱ्याला लागली की वाळूत बसलेल्या बायका विचारायच्या, "काय आणलां?" टोपल्या काठोकाठ भरलेल्या असायच्या, आणि भिकू मान वर न करता म्हणायचा, "काय नाय. ठीकच." की लगेच बायका पदर खोचून पुढे यायच्या! कारण "काय नाय" म्हणजे भरपूर. मिळालेलं चांगलं आहे असं तोंडाने म्हटलं तर नजर लागते, पुढची खेप रिकामी जाते, ही त्या किनाऱ्यावरची समजूत. खरंच काही मिळालं नसलं की भिकू असा थोडक्यात आटपायचा नाही. वाऱ्याला, इंजिनाला, बर्फवाल्याला, मेव्हण्याला, सगळ्यांना नावं ठेवत बसायचा, आणि हातातला चहा निवून जायचा. तेव्हा मी एक हिशेब शिकलो. जो दोन शब्दांत सुटतो त्याचं जाळं भरलेलं, आणि जो पाल्हाळ लावतो त्याचं रिकामं.

पुढे ते जाळं विरलं. भिकूने नवं आणलं आणि आम्हाला घराच्या मागे टाकलं, त्याची बायको शांती जिथे बोंबील वाळवायची त्या काठ्यांच्या बुडाशी. ऊन खात, मांजरांची भांडणं बघत आम्ही पडून होतो. मग एके दिवशी भिकूची मुलगी हेतल तिथे आली. ती नुकतीच बी.एस्सी.ला लागली होती. तिने आमच्यातले बरेचसे निवडले, साबणाने खरवडून धुतले आणि दप्तरात कोंबले. मासळीचा वास काही गेला नाही, पण तिने प्रयत्न केला.

आम्हाला मागवणाऱ्या बाई म्हणजे प्रगती मॅडम. ऑरगॅनिक शिकवायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, राहायला मसोलीत एका खोलीत. अंगाने काटक, ओढणीला कायम खडूची पावडर. नोकरी तासिका तत्त्वावरची. म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात सगळं संपायचं आणि जणू त्या कॉलेजात कधी पाऊलच टाकलं नाही अशा थाटात त्यांनी पुन्हा मुलाखतीला बसायचं. प्रश्न विचारणारे तेच, ओळखीचे. तेही तोंड ओळख नसल्यासारखं करायचे.

आता बोये कशाला हवे होते? तर कॉलेजात रेणूंच्या प्रतिकृतींचा एक चांगला संच होता, रंगीत गोळे नि दांड्या असलेला. पण तो कुलुपात. ज्या सरांच्या सहीने आला ते बदलून गेले होते, आणि मोडला तर जबाबदारी कुणाची, या भीतीने ते कुलूप कुणीच उघडत नव्हतं. मॅडमनी बरेच दिवस विनवण्या केल्या आणि मग मुलांना सांगितलं, "घरात जे काही गोल असेल ते उद्या घेऊन या."

मुलांनी काय काय आणलं! सुपाऱ्या आणल्या, मातीच्या गोळ्या आणल्या. डहाणू रोडच्या रुचिकाने काकाच्या कारखान्यातले फुगे आणले, ते बर्नरजवळ फुटले. कुणी चिकू आणले. तलासरीकडच्या पाड्यावरून येणारा शुक्रा मधल्या सुट्टीत त्यातले दोन खाऊन मोकळा झाला आणि वर म्हणाला, "मॅडम, हायड्रोजन गोड होता." शेवटी टिकलो ते आम्हीच.

मॅडमनी सळई बर्नरवर लाल केली आणि माझ्या अंगात खुपसली. दुखलं. चार वेळा दुखलं. पण प्रत्येक भोक पाडण्याआधी त्या कोनमापक लावून पुन्हा पुन्हा बघत होत्या. "कोन चुकला तर सगळा रेणू चुकतो," असं स्वतःशीच म्हणत होत्या. सायवनहून येणाऱ्या धाकली नावाच्या मुलीचे वडील टोपल्या विणतात. तिने त्यांच्याकडून बांबूच्या काड्या तासून आणल्या. माझ्या चार भोकांत चार काड्या, काड्यांच्या टोकांना चार पांढरे बोये. मॅडमनी मला उचलून धरलं तेव्हा माझे चारही हात चार दिशांना पसरलेले होते, आणि वर्गाच्या तोंडून "आऽऽ" असा आवाज निघाला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. समुद्रावर कुणी मला असं बघितलं नव्हतं.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं म्हणजे माझं खरं आयुष्य. पांढरा बोया काढून तिथे लाल लावला की मी निराळा, हिरवा लावला की आणखी निराळा. मॅडम मला मुलांच्या हातात द्यायच्या आणि डोळे मिटायला लावायच्या. "पाठीमागून एक जण येतो, पुढचा निघून जातो, आणि बाकीचे तिघं? वाऱ्यात छत्री उलटते तसे उलटतात. हाताला कळतंय का? डोळे उघडू नका." असं त्या एकेकाला सांगायच्या. एकाला कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. वैतागल्या की त्यांची धुळ्याकडची भाषा बाहेर यायची, "हाई काय शे?" मग वर्ग खालच्या माना करून हसायचा.

आता मुलांची मतं. मॅडम पाणी आणायला किंवा ऑफिसात गेल्या की प्रयोगशाळेत लगेच मतं सुरू व्हायची, आणि ती ऐकायला मी टेबलावर असायचोच. रेणूत कोण कुठून कुठे जातो ते मॅडम वाकड्या बाणांनी काढायला लावायच्या, त्या बाणांवरून तर रोजच.

"एका बाणासाठी शून्य देते रे ही बाय."

"मना सपनात पन बाणच दिसतात."

"हाई काय शे?" असं म्हणत शुक्रा ओढणी सावरल्याचा अभिनय करायचा, आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

रुचिका हसायची नाही, ती तक्रार करायची. "पोर्शन किती मागे आहे बघा. दुसऱ्या कॉलेजात पीडीएफ देतात, डायरेक्ट पाठ करायचं. या मॅडम तेच तेच परत शिकवतात. ज्यांना कळलंय त्यांनी काय करायचं?" तिचं खोटं नव्हतं. ती हुशार होती, तिला घाई होती, आणि मॅडम मागे राहिलेल्यांसाठी थांबायच्या.

हेतलला कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "ठीक. काय नाय खास." धाकली म्हणायची, "बरं हाय." शुक्राचं मत होतं, "चालतं." हाच शुक्रा पहिल्या सत्रात नापास झाला होता. मॅडमनी त्याला रोज कॉलेज सुटल्यावर बसवून घेतलं, मला त्याच्या हातात देऊन. नंतर एका शनिवारी त्याने मला न विचारता पिशवीत घातलं आणि घरी नेलं. चोरी म्हणा हवं तर. त्याची आई पुतळी चुलीपाशी होती. तिने विचारलं, "ह्या काय हाय?"

"कार्बन," शुक्रा म्हणाला. "तुझ्यात पन हाय. भातात पन हाय. सगल्यात हाच हाय."

पुतळीने मला हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितलं. सोमवारी मी गुपचूप टेबलावर परत. आणि त्याच दिवशी मित्राने मॅडमबद्दल विचारलं तर शुक्राचं उत्तर पुन्हा, "चालतं." मी मनातल्या मनात हसलो. किनाऱ्याचीच रीत ही. वरच्या पाड्यांवरही वासरू गुटगुटीत निपजलं तर त्याला रोडकं म्हणतात. माझ्या हिशेबाने मॅडमचं जाळं गच्च भरलेलं होतं.

फक्त मॅडम धुळ्याकडच्या होत्या.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजची तपासणी करायला समिती आली. मुंबईहून एक साहेब आणि एक बाई. टेबलं पुसली गेली, कुलुपातला रेणूंचा संच एका दिवसापुरता बाहेर निघाला आणि काचेत मांडला गेला. मी त्याच्याशेजारी जरा ओशाळूनच उभा होतो. प्राचार्य दारात. मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं.

साहेब मुलांना म्हणाले, "अगदी मोकळेपणाने बोला. तुमच्या मतावर पुढचं ठरणार आहे. प्रगती मॅडम कशा शिकवतात?"

मोकळेपणाने बोला म्हटलं की आमची मुलं हमखास गप्प होतात. शेवटी बाईंनी हेतलकडे बोट केलं.

हेतल उठली. "ठीक."

"म्हणजे? काही खास?"

"नाय. खास काय नाय."

बाईंनी लिहून घेतलं. मग शुक्रा. "चालतं." मग धाकली, पायाच्या अंगठ्याकडे बघत, "बरं हाय." मग बाकीचे, एकामागून एक. ठीक. चालतं. बरं. प्रत्येक उत्तर दोन शब्दांत आटपत होतं, आणि माझी छाती फुगत होती. एवढी भरलेली होडी मी भिकूचीही बघितली नव्हती! आणि साहेबांचा चेहरा मात्र पडत चालला होता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की हे लोक मुंबईचे आहेत.

रुचिका उठली आणि सविस्तर बोलली. पोर्शन मागे, पीडीएफ नाही, तेच तेच पुन्हा. साहेब म्हणाले, "शाब्बास, स्पष्ट बोललात."

समिती गेल्यावर मुली खिडकीबाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. हेतल तडकली होती. "एवढां बोललीस कशाला?"

"मी निदान खरं बोलले," रुचिका म्हणाली. "तू काय बोललीस? खास काय नाय बोललीस."

"मग काय चांगलं बोलू? परीक्षा तोंडावर, मॅडमची मुलाखत तोंडावर, आणि नजर लावू?"

"अगं, पण त्या लोकांना हे कसं कळणार?"

"त्यांचं जाऊं दे. मॅडमना म्हायती हाय ना. दोन वर्सां इथं हायेत."

रुचिकालाही वाटलं असेल, असेल माहीत. मी आतून ओरडत होतो, नाही माहीत गं, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही! पण प्लॅस्टिकचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

काही दिवसांनी प्राचार्य प्रयोगशाळेत आले. माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि पेन उगाच उघडझाप करत राहिले.

"मॅडम, मुलांनी तुमच्याबद्दल वाईट असं काही म्हटलेलं नाही."

"मग?"

"चांगलंही म्हटलेलं नाही. ठीक, चालतं, खास काही नाही. एकीने तर बरीच तक्रार केली. एवढ्या मुलांतून चांगला शब्द एकाचाही नाही."

"एकाचाही नाही?"

"नाही. मुलाखतीला या तुम्ही. तुमच्या विषयाला दुसरा अर्जच नाही, तेव्हा काही अडचण येणार नाही. मी फक्त कानावर घातलं."

ते गेल्यावर मॅडमनी मला ओढून घेतलं. एक काडी काढली, पुन्हा खोचली. पुन्हा काढली. त्या रडल्या असत्या तर मला कमी वाईट वाटलं असतं. त्या विचार करत होत्या. आपण कुठे चुकलो ते शोधत होत्या, आणि चूक तिथे नव्हतीच.

पुढच्या तासांना त्यांनी मला हातात घेतलं नाही. पुस्तक उघडून भराभर शिकवलं. मुलांकडे बघणं सोडलं. "कळलं नाही" असं कुणी म्हटलं तर म्हणाल्या, "पुस्तकात आहे, वाचा." रुचिकासुद्धा चमकून त्यांच्याकडे बघायला लागली.

प्रात्यक्षिक परीक्षा संपली त्या दुपारी हेतल एकटी मागे राहिली होती, परीक्षानळ्या धुवायला. मॅडम कपाटातल्या बाटल्या पुसत होत्या. बाहेर आंब्याखाली मुलांचा गोंगाट चालला होता.

"हेतल, एक विचारू का?"

"विचारा ना मॅडम."

"उद्या मुलाखत आहे माझी. तू मला खरं सांग. मी वाईट शिकवते का गं?"

हेतलचा हात नळाखालीच थांबला. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. दोन वर्षं रोज तिला हेच सांगायचं होतं. ऑरगॅनिकच्या भीतीने ती रडायची आणि आता तिला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. एम.एस्सी. करायची, ऑरगॅनिकच घ्यायचं, हे तिने घरी भांडून कबूल करून घेतलं होतं. सगळं जिभेवर होतं. पण उद्या मुलाखत. उद्या होडी पाण्यात जायची, आणि आज तोंडातून चांगलं काढायचं? तिच्या आईने असं कधीच केलं नसतं, बापाने तर नाहीच.

"नाय मॅडम," ती म्हणाली. "ठीकच. खास काय नाय."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगितलंस."

त्या पाठ करून पुन्हा बाटली पुसायला लागल्या. आणि त्यांच्या पाठीमागे हेतलने ओले हात लांबूनच त्यांच्यावरून ओवाळले, आपल्या कानशिलाशी नेले आणि बोटं मोडली. शांती लेकीची दृष्ट काढते तशी, पण आवाज होऊ न देता. डोळे तिचे भरलेले होते. मॅडमनी एकदा मागे वळून बघितलं असतं तर! फक्त एकदा. पण बाटलीवरचं लेबल सुटलं होतं, त्या ते चिकटवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या खोलीबाहेर खुर्ची मांडली होती म्हणे. ती रिकामीच राहिली. शिपाई दोनदा प्रयोगशाळेत डोकावून गेला. मॅडम सकाळीच किल्ल्या आणि अॅप्रन ऑफिसात ठेवून गेल्या होत्या. मला त्यांनी नेलं नाही. टेबलावरच ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. मी कॉलेजच्या मालकीचा नव्हतो, नेलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण ज्या वस्तूकडे बघून आपली नालायकी आठवेल ती कोण कशाला बरोबर नेईल?

जूनमध्ये कॉलेज उघडलं. हेतल पहिल्याच दिवशी आली, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. शांतीने निवडून वाळवलेले बोंबील होते, मॅडमसाठी. निकाल लागला होता, हेतलला ऑरगॅनिकमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. मुलाखतही कधीच होऊन गेली असणार. होडी सुखरूप किनाऱ्याला लागली होती, आता बोलायला हरकत नव्हती. ती दारातूनच हसत आली.

"मॅडम कुठं हायेत?"

शिपाई म्हणाला, "त्या मुलाखतीला आल्याच नाहीत. गेल्या गावाला. तुला माहीत नाय?"

हेतलने पुडकं टेबलावर ठेवलं, माझ्या शेजारी. तिच्या मागून शुक्रा आणि धाकली आले होते. हेतलने खिडकीशी जाऊन फोन लावला, तिथेच जरा रेंज येते. फोन स्पीकरवर ठेवला. बराच वेळ रिंग गेली.

"हां, बोल हेतल." तोच आवाज. मागे रस्त्याचा गलका.

"मॅडम, तुमी कुठं हाव?"

"शिरपूरला. भावाच्या मेडिकलवर बसते. तुझा निकाल काय लागला?"

हेतलने निकाल सांगितला नाही. तिने सगळं एका दमात सांगितलं. मॅडम, तुमी लय भारी शिकवायच्या. तुमच्यासारखं कोनीच नाय शिकवलं आमाला. आमच्यात चांगल्याला चांगलं बोलत नाय, नजर लागते, म्हनून मी तसां बोलले, सगले म्हनूनच तसां बोलले. शुक्रा मध्येच फोनकडे वाकून ओरडला, "खरंच मॅडम! आईशप्पत!" धाकली नुसतीच रडत होती. दोन वर्षांत त्या तिघांनी एवढं चांगलं कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना ते जमतही नव्हतं. शब्द अडखळत होते, उसने वाटत होते.

पलीकडून मॅडम हसल्या. अगदी हळू, मायेने.

"किती गुणाची पोरं आहात रे. मला बरं वाटावं म्हणून एवढं रचून सांगता."

"रचून नाय मॅडम!"

"अगं वेडे, मी तुला विचारलं होतं ना, समोरासमोर? त्या दिवशी तू खरं बोललीस. दुसरी असती तर तोंडदेखलं गोड बोलली असती. तुझे उपकार आहेत माझ्यावर." मग म्हणाल्या, "मी शिकवणं सोडलं ते बरंच झालं. निदान मुलांचं नुकसान तरी थांबलं."

हेतल उभीच राहिली. पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं. "हां दादा, देते," मॅडम म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

तिने नंतरही लावून बघितला. मॅडम उचलायच्या, अभ्यासाचं विचारायच्या, जेवलीस का म्हणायच्या. तो विषय काढला की मात्र "असू दे गं" म्हणून टाळायच्या. रुचिकानेही एकदा फोन केला, तिच्या तक्रारीबद्दल माफी मागायला. तिला मॅडम म्हणाल्या, "तू तर बरोबरच बोलली होतीस." बोंबलांचं पुडकं काही दिवस टेबलावर पडून होतं. मग वास येतो म्हणून शिपाई घेऊन गेला.

मॅडमच्या जागी दीपेश सर आले. ते पडद्यावर पीडीएफ लावतात आणि वाचून दाखवतात. कुणी शंका विचारली तर मागच्या पानावर जातात, तेच पुन्हा वाचतात, आणि तास संपायच्या आधी निघून जातात. काचेत मांडलेला संच तर केव्हाच पुन्हा कुलुपात गेला होता. मला खोक्यात टाकलं आणि कपाटावर चढवलं. माझा एक पांढरा हात क्रिकेट खेळायला गेला, हिरवा टेबलाखाली घरंगळला तो तिथेच आहे.

गेल्या महिन्यात समिती पुन्हा आली. या वेळी निराळी माणसं होती, पण प्रश्न तोच. दीपेश सर कसे शिकवतात?

शुक्रा सगळ्यांत आधी उठला. "खूप छान शिकवतात."

धाकली मान वर करून म्हणाली, "एकदम बेस्ट."

"उत्कृष्ट," हेतल म्हणाली. पाठ केल्यासारखी. तिचा आवाज मला ओळखूसुद्धा आला नाही.

एकामागून एक, अख्खा वर्ग. छान, बेस्ट, उत्कृष्ट. समिती खूश, प्राचार्य खूश. मंडळी गेल्यावर नव्या वर्गातल्या एका मुलीने शुक्राला विचारलं, सर एवढे चांगले आहेत का? शुक्रा म्हणाला, "काय बी असूं दे. इचारलं की चांगलंच बोलायचं. नाय तर मानूस जाते." आणि पिशवी उचलून निघून गेला.

मी खोक्यात पडून ऐकत होतो. एके काळी या मुलांच्या दोन शब्दांवरून मला त्यांचं मन कळायचं. आता ती भरभरून बोलतात आणि मला काही कळत नाही. कुणालाच कळत नसणार. आता त्या वर्गात खरोखर चांगलं शिकवणारं कुणी आलं, तरी त्यालाही हेच शब्द मिळतील, जे दीपेश सरांना मिळाले.

मला खाली काढा असं मी कुणाला म्हणणार नाही. माझ्या काड्या वाळून सैल झाल्यात, मी काही आता धड उभा राहत नाही. पण तुमच्यापैकी कुणी शिरपूरला गेलं, आणि एखाद्या मेडिकलच्या काउंटरवर काटक अंगाच्या, धुळ्याकडचं बोलणाऱ्या बाई दिसल्या, तर त्यांना काही पटवून द्यायला जाऊ नका. त्यांना ते पटणार नाही. तुमच्या हातातली गोळी पुढे करा आणि विचारा, बाई, ही पोटात जाऊन करते तरी काय? त्या आधी म्हणतील, डॉक्टरांना विचारा. पुन्हा विचारा. मग त्या सांगायला लागतील. पूर्ण ऐकून घ्या, मध्येच पिशवी मागू नका. आणि कळलं, तर तिथेच, त्यांच्या तोंडावर सांगा की कळलं. मागाहून सांगितलेलं त्या खरं मानत नाहीत.